विंचवाची गोळी

फागूने करवंदीचा काटा डाव्या हाताच्या मधल्या बोटात खुपसला. रक्ताचा ठिपका आला, तो त्याने चाटून टाकला आणि काटा कुडात परत खोचून ठेवला. पुन्हा कधी लागला तर असावा. मग बोटाला चिंधी गुंडाळून, दार ओढून घेऊन तो उतार उतरायला लागला. अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतो आहोत. विंचू चावलेला माणूस शीळ घालत नाही. त्याने शीळ थांबवली, हात छातीशी धरला आणि कण्हायचा सराव सुरू केला.

पौष चालू होता. सूर्यमाळच्या अंगाखांद्यावरचे पाडे दिवाळीनंतर रिकामे झाले होते. माणसं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेली होती, ती होळीशिवाय परतणार नव्हती. फागूच्या पाड्यावर अकरा घरं. दहा घरांच्या दारांत काटेरी फांद्या लावलेल्या होत्या. अकरावं घर फागूचं, आणि त्यातूनही मुलगा मंगेश, सून आणि नात प्रगती अशी तिघं गेली होती. जाताना मंगेशने शेळीसुद्धा विकून टाकली होती. म्हाताऱ्याला तिच्यामागे धावायला लागू नये म्हणून.

उताराच्या पायथ्याशी आरोग्य केंद्र होतं. चार खाटा, एक पडवी आणि औषधांचं एक लोखंडी कपाट. तिथे फागूचं एक स्टूल होतं. ते त्याला कसं मिळालं, ती गोष्ट तो प्रत्येकाला वेगवेगळी सांगत असे, पण खरी एकच होती. दोन वर्षांपूर्वी लाल विंचू चावलेला एक गडी गोळी घेतल्यावर बरं वाटतंय म्हणून उठला आणि दारापर्यंत पोचायच्या आत कोसळला. जगला, पण पुढचे दोन दात गेले. त्या दिवशी फागू पडवीत बसला होता. हेमंत डॉक्टरांनी डोक्याला हात लावला तेव्हा समोर तोच होता, म्हणून त्यालाच त्यांनी समजावून सांगितलं.

"विंचवाचं विष अंगात भीतीचा पूर सोडतं, बाबा. त्या भीतीने हातापायांच्या नसा आवळून बसतात. हात गार, पाय गार, घामाच्या धारा. सगळा भार काळजावर येतो आणि शेवटी छातीत पाणी भरतं. ही गोळी आवळलेल्या नसा सैल करते. पण नसा सैल झाल्या की रक्त खाली उतरतं. तेव्हा माणूस उभा राहिला की पडलाच."

"मंग त्याला आधीच पाडून ठेवायचा," फागू म्हणाला.

"तीन-तीन तास? हातपाय गरम होईपर्यंत? कोण ठेवणार?"

फागूने ठेवले. स्टूल खाटेजवळ ओढायचं आणि आजाची गोष्ट सुरू करायची. फागूच्या आजाने म्हणे एका साली बैल मेले म्हणून सूर्यमाळच्या रानातले दोन विंचू नांगराला जुंपले होते, रेड्याएवढाले. उजव्याचं नाव रावजी, डाव्याचं नाव भिकू. त्यांच्या नांग्यांनी नांगराचा तास असा तापायचा, की पेरलेली नागली भाजूनच वर यायची आणि बायका ती उभ्या शेतातून तोंडात टाकायच्या. तो नांगर डोंगर उतरायचा, नदी ओलांडायची तर नदी उकळायची, दाभोशाच्या धबधब्याखाली शिजलेले मासे सापडायचे. खाटेवरचा माणूस दात खात म्हणायचा, "खोटारडा डोकरा. मंग?" आणि पडून राहायचा.

मधून मधून फागू त्याच्या तळव्याला हात लावून बघायचा. ते उज्ज्वला सिस्टरने त्याला शिकवलं होतं. हात कोरडा आणि गरम लागला की सिस्टरला हाक मारायची, सिस्टर नाडी-बीपी बघायची आणि मग सुटका. कार्तिकात भाताचे भारे उचलताना नवशी नावाच्या बाईला विंचू चावला, तेव्हाची गोष्ट मात्र फागूने कोणालाच सांगितली नव्हती. नवशीचे पाय केव्हाच गरम झाले होते. रावजी आणि भिकू त्या वेळी नदीच्या मधोमध होते. फागू म्हणाला होता, "अजून गार हाय, बाय. पडून रहा." पुढच्या तासाभरात त्याने नांगर पलीकडच्या काठाला लावला. नंतर सिस्टरने नवशीच्या तळव्याला स्वतः हात लावला आणि फागूकडे नुसतं बघितलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाबा, इथे खोटं गोष्टीत चालेल. दुखण्यात चालणार नाही. ज्या दिवशी बोलाल, त्या दिवशी स्टूल बंद." सिस्टर डॉक्टरांना काही बोलली नव्हती.

पण विंचूसुद्धा थंडीत बिळात जातात. गेला महिनाभर स्टूल भिंतीला टेकून होतं.

फागू कण्हत पायरी चढला तेव्हा उज्ज्वला सिस्टर ओटीवर एकटीच कापसाचे बोळे करत बसली होती. डॉक्टर पोलिओच्या बैठकीला जव्हारला गेले होते, शिपाई त्यांच्याबरोबर जीपमध्ये. सिस्टर मूळची अकोल्याकडची, राहायची केंद्रामागच्या खोलीत. तिचा नवरा नंदुरबारच्या पुढे एका आश्रमशाळेत मास्तर होता. बदलीचा अर्ज चार वर्षं फिरत होता.

"इच्चू," फागू म्हणाला.

"पौषात?"

"त्याला काय पौष कळतोय. लाकडं काढत व्हतो."

तिने त्याला खाटेवर घेतलं. चिंधी सोडून बोट उजेडाकडे धरलं. मग कपाळ बघितलं, कोरडं होतं. तळवे बघितले. मग मनगट धरून घड्याळाकडे पाहत राहिली.

"छप्पन्न," ती म्हणाली.

फागू जोरात कण्हला.

नाडीवरून काही ठरवायची सोय नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात चढावर त्याच्या छातीत कळ आली, तेव्हापासून डॉक्टरांनी त्याला रोज सकाळी घ्यायची एक गोळी लावली होती. फागू पाड्यावर सांगायचा, की पूर्वी त्याच्या छातीत घोडा होता, डॉक्टरने तो काढून रेडा बांधला. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. या गोळीने काळजाच्या दारात राखण्या बसतो, भीतीचा निरोप आत जाऊ देत नाही. विंचवाची गोळी त्याच जातीची, पण तिचा राखण्या हातापायांच्या दारात. तेव्हा फागूची नाडी विंचू चावला तरी पळणार नव्हती, आणि खोटं बोलतानाही नाही.

"सकाळची गोळी घेतली?"

"घेतली."

"खरं सांगताय?"

"गोळीचं खोटं कशाला सांगू?"

सिस्टरने त्याचं मनगट सोडलं नाही. "मग आता नीट ऐका, बाबा. विंचवाची गोळी दिली की रक्त खाली उतरतं. दुसऱ्या माणसाचं काळीज तेव्हा पळायला लागतं, सांभाळून घेतं. तुमचं पळणार नाही, तुमच्या गोळीने ते बांधलंय. डॉक्टर इथे नाहीत, जीप नाही. खरंच चावला असेल आणि अंगात विष भिनलं, तर ती गोळी मला द्यावीच लागेल. चावला नसेल, तर तीच गोळी तुम्हाला घेऊन जाईल." ती थांबली. "चावलाय?"

फागूने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून उतार दिसत होता, त्यावरची पायवाट, आणि वर जिथे पाडा होता तिथे कुठूनही धूर येत नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरातूनही नाही. चूल विझवूनच तो निघाला होता.

"चावला," तो म्हणाला.

सिस्टर उठली. फागूने डोळे मिटले. दोन वर्षं तो त्या कपाटाचे आवाज ऐकत आला होता. विंचवाची गोळी वरच्या खणात, कुलपाच्या डब्यात. डबा उघडताना किल्ली दोनदा फिरवावी लागायची आणि झाकण करकरायचं. खालच्या खणात चौकोनी बरणी होती, तिचं झाकण नुसतं फिरकीचं.

किल्ली वाजली नाही. झाकण फिरल्याचा आवाज आला.

"आ करा."

गोळी मोठी होती, जिभेवर चुन्यासारखी लागली. दर गुरुवारी पोटुशा बाया रांगेत उभ्या राहून, तोंडं वाकडी करून हाडं बळकट करायची हीच गोळी घ्यायच्या, आणि फागू त्यांना चिडवायचा. आता त्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर पाण्याच्या ग्लासकडे पाहत होती. फागूने गोळी गिळली.

"तीन तास उठायचं नाही," ती म्हणाली. "माहीत आहे ना?"

"मला माहीत नसंल तं कोणाला?"

तिने त्याच्या अंगावर सरकारी लाल कांबळं टाकलं आणि भिंतीजवळचं स्टूल ओढून घेतलं. बोळ्यांची परात मांडीवर घेतली. अर्ध्या अर्ध्या तासाने ती बीपी बघायची आणि कागदावर लिहायची. बीपी दर वेळी तेवढाच. तीसुद्धा दर वेळी तेवढ्याच काळजीने लिहायची.

"आता तुमची गोष्ट कोण सांगणार?" तिने विचारलं. "तुम्हीच सांगा. त्या नांगराचं पुढे काय झालं?"

फागूने सुरू करून पाहिलं. पण पाठीवर पडून वर नुसते पत्रे दिसत होते. खाटेवरच्या माणसाचं तोंड समोर असल्याशिवाय विंचू हलेनात.

"पुढचं नाय बनवलं," तो म्हणाला. "कधी लागलंच नाय. हातपाय गरम झाले की उठून जातात सगळे."

परातीत बोळे वाढत गेले.

"चार दिस झाले, बाय," फागू पत्र्यांना म्हणाला, "तोंडातून शब्द नाय निघाला. सकाळी खोकलो, तं मलाच वाटलं कोण आलं."

त्याच्या आयुष्यातलं हे बहुधा पहिलंच वाक्य असं होतं, ज्यात त्याने काही वाढवलं नव्हतं. सिस्टरने एक बोळा केला, तो वाकडा झाला, मोडून परत केला.

"मी सांगू का पुढचं?" ती म्हणाली.

"तुला येतं?"

"मग आजोबांनी नदी ओलांडली. डोंगर ओलांडला. पुढे त्र्यंबक, नाशिक... असं करत रावजी आणि भिकू थेट नंदुरबारला पोचले."

"छट्," फागू म्हणाला. "इच्चू एवढं चालत नाय."

"रेड्याएवढे विंचू चालतात, आणि नंदुरबारला जात नाहीत?"

"जातील एखाद वेळेस. पण एका दिसात नाय. मधी मुक्काम पायजे. त्यांना चारा पायजे." तो कुशीवर वळला, गोष्ट सांगताना वळायचा तसा. "आन तिथं कोणाच्या दारात सोडला नांगर?"

"एका शाळेच्या," सिस्टर म्हणाली, आणि परात खाली ठेवून उगाच पदराला हात पुसले.

फागूने पुढे विचारलं नाही. मुक्काम कुठे कुठे करायचे, ते मात्र त्याने बारकाईने सांगितलं. पहिला खोडाळ्याला, पाणी चांगलं म्हणून. सिस्टरने मधून मधून "मग?" म्हटलं. बाहेर पायवाटेवर उन्हं उतारावरून खाली सरकत आली.

घड्याळात तीन वाजून गेले, तीन तास भरले. सिस्टरने एकदा पाहिलं, मग परत पाहिलं नाही. साडेतीनला ती उठली, तिने कांबळ्याखाली हात घातला आणि फागूचा तळवा आपल्या तळव्यात धरला. कांबळ्यात राहून तो तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा झाला होता. ती बराच वेळ धरून राहिली. खिडकीबाहेर कोणी नव्हतं, तरी ती तिकडेच पाहत होती.

"अजून गार आहे," ती म्हणाली. "पडून राहा, बाबा."

ती आत चहा टाकायला गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला, तसा फागूने हात हळूच कांबळ्याबाहेर काढला आणि खिडकीच्या गजाजवळ, गार वाऱ्यात धरून ठेवला.