सासूबाईंची पट्टी

घरात सून एकच होती, तरी तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली दुसऱ्या गावी राहायची, पण मान थोरलीचाच. धाकटीचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि तिचा हात इतका नेटका होता की दंतवैद्य खास तिच्याच हातची कवळी मागून घ्यायचे. ठसा जसा असेल तशी कवळी. ना तसूभर कमी, ना तसूभर जास्त.

चाळिशीच्या उंबरठ्यावर तिनं गिटार शिकायला घेतली, तीही याच नेटकेपणानं. समोर कागद, कागदावर गाण्याचे शब्द, शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची, अक्षरं. अक्षर आलं की बोटं बदलायची. एकही अक्षर चुकायचं नाही. नवरा कौतुकानं म्हणायचा, "हिची गिटार म्हणजे टंकलेखन आहे, तेसुद्धा खाडाखोड नसलेलं." तो कौतुक करत होता की चिडवत होता, हे धाकटीनं कधी विचारलं नाही.

त्यांच्या भागातल्या वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गाण्याची बैठक भरायची. ज्याला वाटेल त्यानं उठावं आणि गावं. पेटीवर साथ करणारे निवृत्त गुरुजी लेकीकडे कायमचे राहायला गेले, तेव्हा ग्रंथपालबाईंनी धाकटीला गाठलं. "तुम्ही वाजवता ना? मग झालं तर!"

पहिले उठले पोस्टमन. त्यांनी कोणतं गाणं निवडलंय हे आधीच कळवलेलं होतं, त्यामुळे धाकटीचा कागद तयार होता. पोस्टमननी डोळे मिटले आणि त्यांच्या गळ्याला जिथे बरं वाटलं तिथून गाणं उचललं. धाकटीनं कागदावर होतं तिथून उचललं. गाणं एकच, पण एक जण गच्चीवर आणि एक जण तळघरात. पोस्टमननी तिला गाठायला आवाज ओढला, तो फाटला. मग खाली आणला, तो घशातच राहिला. शेवटी ते थांबले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुम्ही व्हा पुढे. मी मागून येतो."

सभागृह खो खो हसलं. धाकटीही हसली, पण तिचे कान लालबुंद झाले होते. हसण्याचं तिला तेवढं काही वाटलं नाही. नंतर उठलेली प्रत्येक गाणारी व्यक्ती मायेनं म्हणाली, "मी आपलं नुसतंच म्हणते हं, साथ नको," ते जास्त लागलं. ती गिटार मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिली.

घरी आल्यावर तिनं गिटार कपाटावर टाकली आणि त्यावर जुनी चादर घातली.

सासूबाई त्या दिवशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेली बाई, बोलायला कुणाला हार जायची नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा धाकटीनंच विषय काढला.

"एक अक्षर चुकले नव्हते मी, आई."

"मी कुठे म्हटलं चुकलीस? तू वाजवलंस ते अगदी बरोबर होतं." सासूबाईंनी उशीचा अभ्रा झटकला. "फक्त त्याच्याबरोबर नव्हतं."

धाकटीला राग आला. सासूबाई आणखी एखादा टोमणा मारतील म्हणून ती वाट बघत राहिली. पण सासूबाई म्हणाल्या, "काढ ती खाली. आणि कागद आणू नकोस."

सासूबाई घरात सकाळपासून गात असायच्या. भांडी घासताना, वेणी घालताना, कुलूप शोधताना. घरच्यांना त्या गाण्याची इतकी सवय झाली होती की ते कुणी ऐकतच नसे. घडी घालायला धाकटीच्या हातात दिलेली चादरीची दोन टोकं त्यांनी परत घेतली, खुर्ची ओढली आणि एक जुनं गाणं सुरू केलं. तोवर गिटार काढून बसलेल्या धाकटीनं सवयीनं पहिली कॉर्ड धरली.

"अंहं. आधी काही वाजवू नकोस. गाणं कुठे कुठे फिरतं आणि कुठे येऊन टेकतं, ते ऐक. टेकतं ते त्याचं घर. मला त्या घराचा पत्ता सांग."

धाकटीनं जाड तार हळूच छेडली. नाही. बोट थोडं वर सरकवलं. नाही. सासूबाई गातच होत्या, तिच्यासाठी थांबायचं नाव नाही. बोट सरकत सरकत एका जागी आलं आणि तारेचा आवाज एकदम नाहीसा झाल्यासारखा वाटला. तो नाहीसा झाला नव्हता, सासूबाईंच्या आवाजात विरघळला होता. धाकटीच्या अंगावर काटा आला.

"सापडलं?" सासूबाईंनी गाता गाताच भुवया उडवल्या.

"सापडलं!"

"मग आता तिथेच बस. मी फिरून येते."

त्या दिवसापासून दोघींची शाळा सुरू झाली, कामावर जाण्याआधी, स्वयंपाकघरात. सासूबाईंना कॉर्डचं नाव एकही माहीत नव्हतं, आणि धाकटीला सूर कानानं ओळखता येत नव्हता. पण दोघींनी मिळून एक भाषा तयार केली. टेकायची कॉर्ड ती ‘घर’. गाणं मोकळं होऊन बाहेर पडतं तेव्हाची ‘शेजार’. आणि जिथे आल्यावर आता घरात शिरल्यावाचून जीव राहत नाही, ती ‘दार’. पुष्कळशी गाणी एवढ्यावरच भागत होती. आणि बोटांची ठेवण तीच ठेवून हात गिटारच्या मानेवर वर-खाली सरकवला, की घर-शेजार-दार सगळी वस्ती गाणाऱ्याच्या पट्टीत येऊन बसत होती. अक्षरांची गरजच उरत नव्हती.

सोपं मात्र नव्हतं. सासूबाई रोज वेगळ्या पट्टीत लागायच्या. सर्दी असली की खालच्या, खुशीत असल्या की वरच्या. धाकटी दारात उभी असायची तेव्हा त्या केव्हाच घरात जाऊन पाणी प्यायलेल्या असायच्या. नवरा दाढी करता करता आतून ओरडायचा, "आता कोण चुकलं?" दोघी एकदम ओरडायच्या, "तू!"

मग हळूहळू धाकटीला दिसायला लागलं. हो, दिसायलाच. ओळ सुरू होण्याआधी सासूबाईंचे खांदे किंचित वर यायचे, श्वास आत जायचा. ओळ लांब असली की श्वास मोठा. वरचा सूर घ्यायचा असला की हनुवटी आधीच तयारीला लागायची. गाणं तोंडातून बाहेर पडण्याआधीच अंगात सुरू झालेलं असायचं. धाकटीनं तारांकडे बघणं सोडून दिलं.

आणि जमतंय म्हटल्यावर तिला शिंगं फुटली. एके सकाळी तिनं दोन ओळींच्या मध्ये अशी काही कलाकुसर केली, सर्व तारांवरून बोटं अशी काही नाचवली, की सासूबाई मध्येच गाणं सोडून उठल्या आणि ओटा पुसायला लागल्या.

"काय झालं, आई?"

"काही नाही. तुझं चालू दे. मला शिरायला फट दिसली की मी येईनच."

धाकटीनं जीभ चावली. सासूबाई फडकं पिळत म्हणाल्या, "मी तुझ्याहूनही लहान होते. नोकरीतल्या मैत्रिणींनी मला असंच एका कार्यक्रमात गायला उभं केलं. पेटीवाला म्हणाला, माझी पट्टी हीच. मी म्हटलं, बरं. पहिल्या ओळीला निभावलं. वर गेले आणि आवाज असा चिरकला की पुढचं आठवतही नाही. खाली येऊन बसले, ती बसलेच."

"मग पुन्हा गायलाच नाहीत? लोकांसमोर?"

"हे काय, भांड्यांसमोर गाते की रोज."

त्या हसल्या, पण धाकटीला हसू आलं नाही. ज्या सभागृहात लोक आपल्याला हसले होते, तिथे बैठकीला ही बाई वर्षानुवर्षं पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांचं ऐकत आली होती. तिचे ओठ प्रत्येक गाण्याबरोबर हलत असणार, आणि ते आपण कधी पाहिलंच नाही.

यानंतर धाकटीनं कुणालाच सोडलं नाही. प्रयोगशाळेत प्लास्टर कालवणारी मैत्रीण गुणगुणायला लागली की ही मनातल्या मनात घर शोधायची. पोस्टमन पार्सल घेऊन दारात आले, तर गिटार काढून म्हणाली, "एक मिनिट थांबा. गा."

"त्या दिवशीचं पुरे झालं, वहिनी."

"कागद नाहीये माझ्याकडे. तुम्ही गा, मी मागून येते."

पोस्टमननी पार्सल काखेत धरून एक ओळ म्हटली. धाकटी एकाच सुरावर थांबून राहिली, मग अलगद त्यांच्याखाली येऊन उभी राहिली. पोस्टमननी दुसरी ओळ न सांगता म्हटली. तिसऱ्या ओळीला त्यांनी पार्सल खाली ठेवलं. समोरच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या. सही घ्यायची राहिली म्हणून पोस्टमनना जिना पुन्हा चढून यावं लागलं, ते वेगळंच.

पुढच्या बैठकीला धाकटी गिटार घेऊन आली तेव्हा मागच्या रांगेत थोडी कुजबुज झाली. पोस्टमन मात्र ताडकन उठले. त्यांनी गाणं उचललं, धाकटीनं ते झेललं, आणि शेवटच्या ओळीला त्यांनी असा काही आवाज सोडला की त्यांचे ते स्वतःच चकित झाले. मग वेल्डिंगचं दुकान चालवणारे गृहस्थ आले, आवाज विहिरीतून यावा तसा खोल. धाकटी त्यांच्यासाठी खाली उतरली. औषधाच्या दुकानातली मुलगी आली, तिचा गळा चिमणीचा आणि ताल घाईचा. धाकटी तिच्यासोबत पळाली. ‘साथ नको’ असं त्या सकाळी कुणीच म्हणालं नाही.

"आणखी कुणी?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

धाकटीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. सासूबाईंनी नजर चुकवली.

"आई," ती माइकमधून म्हणाली, "तुमची पट्टी कोणती, हे मी विचारणार नाही. तुम्ही कुठेही लागा."

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. आता बसून राहणं उठण्यापेक्षा अवघड झालं होतं. सासूबाई उठल्या, पदर सारखा केला, आणि माइकपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तेच स्वयंपाकघरातलं जुनं गाणं सुरू केलं, पण भीतीपायी घरच्यापेक्षा कितीतरी वर लागल्या. धाकटीला कळलं की पुढे वरचा सूर आहे आणि तिथे आवाज जाणार नाही. तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. साथीदारानं गाणाऱ्याला ओढायचं नसतं. ती फक्त घरात बसून राहिली, जाड तारेवर, शांत आणि पक्की.

पहिली ओळ संपली. सासूबाईंनी श्वास घ्यायला घेतला, आणि धाकटीच्या नजरेला नजर मिळाली. तिथे काय होतं कोण जाणे, पण त्यांचे खांदे खाली आले. दुसरी ओळ त्यांनी सरळ खालच्या पट्टीत सुरू केली, काही न सांगता, जणू स्वतःच्याच ओट्यापाशी उभ्या आहेत. धाकटीनं तारांवर तळवा ठेवला. क्षणभर नुसता आवाज, एकटा. मग तिचा हात गिटारच्या मानेवरून खाली सरकला आणि नेमका तिथे थांबला जिथे सासूबाई होत्या.

वरचा सूर आला. सासूबाईंनी तो घेतला, धरला, आणि मनासारखा खेळवून सोडला.

पोस्टमन उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेतून नवऱ्याची शिट्टी आली. लग्नानंतर धाकटीनं ती पहिल्यांदाच ऐकली. ग्रंथपालबाई आभार मानायला पुढे आल्या, तर सासूबाईंनी त्यांना हातानंच थोपवलं.

"थांबा हो. एवढ्यात कुठे?" आवाज आता खणखणीत होता. "आता हिनं जन्मात न ऐकलेलं गाणं म्हणते."

"आई!"

"काय?"

सभागृहात हशा पिकला. सासूबाईंचे खांदे वर आले. श्वास मोठा होता, म्हणजे ओळ लांब असणार. धाकटीनं जाड तारेवर बोट टेकवलं, डोळे सासूबाईंच्या हनुवटीवर ठेवले, आणि ओठ दाबून धरलेलं हसू तिला आवरेनासं झालं.