न वाजलेला इशारा

मित्रांनो, माझ्या काचेला आडवा तडा गेला आहे, बॅटरी थकली आहे आणि चार फोटो जास्त काढले की माझ्यातली जागा संपते. असा मी एक जुना मोबाईल. भीमेकाठच्या वडगाव रासाईत, चारी बाजूंनी उसाने वेढलेल्या एका घरात मी राहतो.

ज्या कारखान्यात मी तयार झालो तो मला आठवत नाही. आठवतो तो सविताबाईंचा खरबरीत हात. त्यांनी मला दौंडच्या बाजारातून नवा कोरा आणला, तेव्हा दिवसातून कितीदा तरी त्या मला पदराने पुसत. त्यांची मुलगी ऋतिका पुण्याला मोबाईलची ॲप बनवणाऱ्या कंपनीत होती. तिचा फोन आला की त्या मला कानाशी इतके घट्ट धरत की माझा आवाजच दबून जाई.

मग शिवारात बिबट्याचा वावर वाढला. शेजारच्या वस्तीवरचे वासरू गेले, पाठोपाठ आमचा कुत्रा गेला. ऋतिका नोकरी सोडून घरी आली आणि एक ॲप करायला बसली. ज्याला बिबट्या दिसेल त्याने बटण दाबायचे, की आसपासच्या सगळ्यांचे फोन वाजतील. ॲपचे नाव तिने ठेवले 'सावध'.

सगळे ती एकटीच करी. कंपनीतला तिचा मित्र नागसेन मदत करतो म्हणाला, तर तिने नको म्हटले. गावचे जुने पोलीस पाटील साहेबराव आप्पा म्हणाले की बातमी खरी का खोटी हे बघायला कुणीतरी माणूस ठेव. तिने हसून विषय बदलला. तिला घाई होती. जेवताना मधेच उठायची, अंगणात येरझाऱ्या घालायची, पुन्हा लॅपटॉपपुढे बसायची. तिचा स्वतःचा फोन नवा, चकचकीत. सारी परीक्षा त्याच्यावरच होई. माझ्यात तिने 'सावध' एकदा घातले, उघडून पाहिले आणि मला आईच्या हातात परत दिले.

ग्रामपंचायतीपुढे तिने ॲप दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या. पुढे मात्र कुणी रानमांजर पाहूनही बटण दाबू लागले, कुणी नुसतीच गंमत करू लागले. इशारे सारखे वाजत राहिले. वैतागून कित्येकांनी आवाजच बंद केला. सविताबाईंनी केला नाही. लेकीचे काम होते ना ते.

एका दिवेलागणीला त्या आणि शेजारच्या सगुणाबाई घासाचे भारे डोक्यावर घेऊन पाण्याच्या चारीच्या कडेने घरी येत होत्या. मी सविताबाईंच्या कमरेच्या पिशवीत होतो. तिकडे, हे मला मागाहून कळले, आप्पांना बिबट्या चारी ओलांडताना दिसला आणि त्यांनी लगेच बटण दाबले. ऋतिकाचा फोन घरात खणखणला. तिने नकाशा पाहिला. आईलाही कळले असेल, असे म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

मी मात्र वाजलो नाही. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या फोनची एक सवय असते. बॅटरी वाचवायला आम्ही न उघडलेली ॲप झोपवून टाकतो. 'सावध'ही माझ्यात गाढ झोपले होते.

बिबट्या उसातून थेट समोर आला. दोघी जागीच थिजल्या. मग सविताबाई जिवाच्या आकांताने ओरडल्या, भारे खाली पडले, सगुणाबाई मागच्या मागे दगडावर आदळल्या. बिबट्या क्षणभर थांबला आणि पलीकडच्या उसात शिरला.

शिरूरच्या दवाखान्यात सगुणाबाईंच्या उजव्या मनगटाला प्लॅस्टर घातले. ऋतिका बाकड्यावर बसली होती. सविताबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आदी आमी हातात काठी घिऊन, मोठ्यानं बोलत यायचो. तुझ्या भरवशावर निवांत चाललो व्हतो, बाई."

घरी आल्यावर ऋतिकाने मला उंबऱ्यावर ठेवले आणि माझा पडदा काळा होऊ दिला. थोड्या वेळाने तिच्या फोनवरून इशारा पाठवला. मी गप्प. पुन्हा पाठवला. मी गप्पच. मग तिने मला उचलून कपाळाशी धरले.

सकाळी मला घेऊन ती वस्ती-वस्तीवर फिरली. ॲपवर विसंबू नका, काठी घ्या, सोबतीने चाला, असे दारोदार सांगत राहिली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्याच दारात तिला हे सांगावे लागत होते. आप्पांच्या ओसरीवर तिने मान खाली घातली.

"आप्पा, तुमचं ऐकाया पायजे व्हतं."

आप्पांनी खुर्ची पुढे केली. "बस आदी. आता कुणाकुणाला संगं घ्यायचं, ते सांग."

तिने 'सावध' बंद केले आणि नागसेनला फोन लावला. दोघांनी ते नव्याने बांधले. आता बटण दाबले की बातमी आधी आप्पांकडे आणि आणखी दोघांकडे जाते. त्यांनी खरी म्हटली की सगळ्यांना आपोआप साधा फोन जातो, कारण कितीही जुना मोबाईल झोपला असला तरी साध्या फोनला जागा होतोच. उचलला की सावध करणारा, आधीच रेकॉर्ड केलेला सविताबाईंचा आवाज ऐकू येतो. हे सगळे आधी माझ्यावर करून पाहिले गेले. ऋतिकाने सगुणाबाईंच्या डाव्या हातात मला दिले आणि मधे बोट घालायचा मोह होऊ नये म्हणून स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. त्या जिथे अडल्या, तिथे तिने ॲप बदलले.

परवा मी असाच केकाटलो. दोघी बांधावरून मागे फिरल्या, मोठमोठ्याने बोलत घरी आल्या. बिबट्या कुणालाच दिसला नाही. तरी ऋतिका फाटकात उभी होती. तिचा जीव अजून थाऱ्यावर नाही, आणि माझ्या मते तो नसलेलाच बरा.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी बनवाल. ते तुमच्या फोनवर चालले म्हणून हुरळून जाऊ नका. ज्याच्या जिवाशी त्याची गाठ आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि गप्प बसून पाहा. आमच्यासारख्या जुन्यांना अडगळीत टाकू नका. तुमच्या लेखी आम्ही संपलेलो असू, पण आमच्यासारखाच एखादा घेऊन कुणाची तरी आई आत्ता उसातून चालली आहे.