दुसरा डबा

गुणवंतने पोळीचा घास तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबला. ऑफिसच्या पॅन्ट्रीच्या दारावर, बरोब्बर त्याच्या डोळ्यांसमोर, ती बातमी चिकटवलेली होती.

रमझान चालू होता. रोजा धरणाऱ्यांना आतलं खाणं दिसू नये म्हणून ऑफिसात दरवर्षी त्या काचेच्या दारावर जुनी वर्तमानपत्रं लावत. आत बसून दोघंच जेवत, ड्राफ्ट्समन गुणवंत आणि अकाउंट्समधली विभावरी. आज एक पान मात्र ताजं होतं. अमेरिकेत अकरा राज्यांत मतदान झालं होतं आणि अकराही ठिकाणी लोकांनी ठरवलं होतं की लग्न फक्त स्त्रीपुरुषांचंच. पुरुषाचं पुरुषाशी नाही.

खरं तर गुणवंतला हसू यायला हवं होतं. दुबईत अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये तो आणि रत्नागिरीचा खैरुद्दीन कितीतरी वर्षं एकत्र संसार करत होते. जगासाठी रूममेट. दुसऱ्या पलंगावर कधी कुणी झोपत नसे, तरी गुणवंत रोज सकाळी त्याची चादर चुरगळून मगच ड्यूटीला निघे. न जाणो, वॉचमन एसीवाल्याला घेऊन आत आला तर? कुणाला कळलं तर आधी तुरुंग, मग नोकरी, व्हिसा, सगळं खलास. असल्या माणसाने लग्नाची स्वप्नं कशाला बघावीत? तरी त्याला फार वाईट वाटलं. कधी न मागितलेली गोष्ट कुणी नाकारली तरी इतकं लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

पण वाईट वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही. लगेच संशय आला. हे पान इथे लावलं कुणी?

समोर विभावरी मान खाली घालून भात कालवत होती. तिच्याबद्दल त्याला आधीपासूनच शंका होती. मीना बाजारात तिने एकदा त्या दोघांना पडद्याचं कापड निवडताना पाहिलं होतं. रंगावरून चाललेलं भांडणही ऐकलं असणार. त्या वर्षीपासून ती दिवाळीला त्याला फराळाचे दोन डबे देऊ लागली, एक त्याचा, एक रूममेटचा. हिला रूममेटची एवढी काळजी का? पहिल्या वर्षी त्याने लाडू फोडून पाहिला होता, जणू आत मायक्रोफोनच सापडणार. खैरुद्दीन पोट धरधरून हसला आणि उरलेले लाडू संपवून मोकळा झाला.

“वाचलंत?” विभावरीने विचारलं. “अकराच्या अकरा ठिकाणी हरले.”

आली मुद्द्यावर, गुणवंत मनात म्हणाला. चेहरा कोरा ठेवून तो बोलला, “बरं झालं. असल्या लोकांना चान्सच द्यायला नको. लग्न म्हणजे काय मजाक आहे?”

विभावरीचा हात भातातच राहिला.

“माझा भाऊ ओहायोत असतो,” ती हळूच म्हणाली. “कुशल. त्याचा पार्टनर आहे तिथे, बरीच वर्षं झाली. काल फोनवर रडत होता. इथे मी बोलणार कुणाशी? म्हणून ते पान लावलं. वाटलं, तुम्ही तरी...” तिने डोळे पुसले. “जाऊ दे. सॉरी हं.”

शब्द गुणवंतच्या ओठांपर्यंत आले होते. पण भाऊ खरा कशावरून? माणसाला बोलतं करायला लोक काय वाट्टेल ते सांगतात. त्याने डबा बंद केला, साइटवर जायचंय असं काहीतरी पुटपुटला आणि उठला. संध्याकाळपर्यंत तिचे ओले डोळे आठवून ती खरंच बोलत होती अशी त्याची खात्री पटली होती. दुसऱ्या दिवशी त्या जागी क्रिकेटचं पान होतं आणि विभावरी पाठ करून जेवत होती. त्या पाठीशी बोलायचं धाडस त्याला झालं नाही.

दिवाळी आली. विभावरीने सगळ्यांना फराळ वाटला. गुणवंतच्या टेबलावर एक डबा ठेवला, हॅपी दिवाळी म्हणाली आणि पुढे गेली. रूममेटचं नावही तिने काढलं नाही. इतकं सुरक्षित त्याला दुबईत कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं एकटंही.

संध्याकाळी खजूर खाऊन खैरुद्दीनने रोजा सोडला आणि सवयीने पिशवीत हात घातला.

“एकच? माझा कुठाय रे?”

“तो तुझाच आहे.”

“आणि तुझा?”

“मी नको म्हणालो,” गुणवंत म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला.