खळ्यावरची जीप

२०१९ साली पासलीत नाचणीच्या मळणीला आमच्या ह्यांना, हैबतींना, घोणस चावली. गावातला जीपवाला दिलावर खळ्यावर कणसांवरून जीप फिरवत होता. त्याच जीपमध्ये आम्ही वेल्ह्याच्या दवाखान्याकडं निघालो. खिंडीच्या चढावर जीप ओढेना, मागून काळा धूर येऊ लागला. ह्यांचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता.

“ह्यापरीस आमची म्हैस लवकर पोचंल,” हे पुटपुटले.

“गप पडा, तात्या. काळा धूर म्हंजी इंजनाला हवा मिळंना.”

दिलावरनं बॉनेट उघडलं. एअर फिल्टर नाचणीच्या भुशानं गच्च भरला होता. त्यानं तो टायरवर आपटून झाडला आणि बसवला. जीप चढ चढली.

हे वाचले, पण पायाचा अंगठा गेला. गेल्या वर्षी म्हातारपणानं वारले. दिलावर आता भोरला टेम्पो चालवतो. मी आंबवड्यात लेकीकडं, मोहिनीकडं, राहते.