टेकडीवरची कुसळं

तनुजा जे करते त्याला नेमकं म्हणायचं काय, हे तिच्या घरात कुणालाच ठरवता आलेलं नव्हतं. नवरा विश्वजीत, वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जाणारा साधा माणूस, मित्रांमध्ये ‘कापडाचं काहीतरी करते’ एवढ्यावर भागवायचा. नणंदेनं तर ‘म्हणजे गोधडीच ना?’ असं विचारून विषय कायमचा मिटवला होता. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून बाई दोन वर्षं घरात बसली आणि केलं काय, तर गोधडी! तनुजानं समजावायचा नाद कधीच सोडला होता.

झालं होतं असं. मागच्या हिवाळ्यात ती माहेरी, वेरूळजवळच्या खेड्यात गेली होती. टेकडीवर फिरून आली तेव्हा तिची ओढणी कुसळांनी भरलेली. ओट्यावर बसून ती एकेक उपटायला लागली आणि मध्येच थांबली. खालच्या काठाला गोखरू दाटीनं बसलं होतं. त्याच्यावर आघाड्याचं बी, आणि मधून मधून गवताची बारीक कुसळं तिरपी घुसलेली. कुठं गवत उंच होतं, कुठं मोकळी वाट होती, ती स्वतः कुठं टेकली होती, सगळं त्या ओढणीवर उतरलं होतं. असं काही आपल्याला सात जन्मांत सुचलं नसतं, हे तिला तिथंच कळलं. आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

यंदा दिवाळी उरकल्यावर तिनं पांढऱ्या मांजरपाटाचा लांब पट्टा कमरेला बांधला, मागं सोडला आणि तीच टेकडी पालथी घातली. गुराखी बघत राहिले. घरी आणून प्रत्येक बीभोवती तिनं डाळिंबाच्या सालीत रंगवलेल्या दोऱ्यानं बारीक टाके घातले. नियम एकच: बी हलवायचं नाही. गवतानं जे जिथं ठेवलं ते तिथंच राहणार. पुण्यात कलादालन चालवणारे अभय फोटो पाहून कापड बघायला स्वतः यायला तयार झाले. आवडलं तर मोठ्या प्रदर्शनात जागा, नाहीतर गुमान परत शाळा, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आता आईचं सांगायला हवं. गोजरबाई गेल्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटवर आली होती. तांदूळ निवडायलाही शेजारणीला हाक मारावी लागायची, इतकी तिची नजर गेली होती. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि बाईला जगातली सगळी घाण एकदम दिसू लागली. पंख्यावरची धूळ, कोपऱ्यातलं जाळं, जावयाच्या कॉलरचा मळ. डॉक्टरांनी धूळ, पाणी आणि वाकणं बंद सांगितलं होतं. गोजरबाईनं मान डोलावली होती.

अभय येणार त्याच्या आदल्या दिवशी तनुजा कापड टांगायला मनासारखी लाकडी दांडी शोधत सकाळपासून बाजारात फिरली. संध्याकाळी परतली तेव्हा आई बाल्कनीत काळा चष्मा लावून, पदर खोचून उभी होती. दोरीवर मांजरपाटाचा पट्टा वाळत होता. पांढराफेक.

“आलीस व्हय? आधी हे बघ,” गोजरबाई म्हणाली. “कुठं लोळवलं गं एवढं चांगलं कापड? कुसळानं नुसतं गच्च झालं व्हतं. एकन्‌एक काढलं. एवढुसं कुसळ, तेबी दिसलं मला! टाके तेवढे नाय उसवले, म्हटलं डिझाईन असंल. मग निळीतून काढलं.”

“काढलेली कुठं आहेत?”

“संडासात सोडली. अशी फेकली तर उगवत्यात, बाई. कुसळ कुणी फेकत असतं व्हय?”

तनुजानं कापड हातात घेतलं. दोऱ्याची रिंगणं तशीच होती आणि प्रत्येक रिंगण रिकामं होतं. एखाद्या हुशार माणसानं त्यातूनही काही अर्थ काढला असता. तनुजाला काढायचा नव्हता. तिला रडायचं होतं, ओरडायचं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण समोर आई उभी होती, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी.

“छान केलंस,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं अभयना फोन लावला. “येऊ नका. दाखवायला काही उरलं नाही. सगळं बी निघालं कापडावरचं. नाही, कुणाची चूक नाही, माझंच ठेवायचं चुकलं.” पलीकडून ‘पुढं कधीतरी बघू’ आलं. ते पुढं म्हणजे कधी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. फ्लॅटच्या भिंती पातळ असतात, हे मात्र ती विसरली. त्या संध्याकाळी गोजरबाई अर्धीच भाकरी खाऊन उठली.

सकाळी आईचं अंथरूण रिकामं होतं. तनुजानं बाल्कनीतून वाकून पाहिलं. बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढ्या गवतातून गोजरबाई फिरत होती. पदर सोडून, लुगडं मुद्दाम घासत. डोळ्यांवर चष्मा नव्हता.

तनुजा चप्पल न घालताच खाली धावली. काल गिळलेलं सगळं आत्ता बाहेर आलं, पण ते कापडाबद्दल नव्हतंच. “अक्कल आहे का तुला? धूळ नको म्हणाले ना डॉक्टर? डोळा गेला असता म्हणजे? कोणी दिला असता दुसरा?”

गोजरबाईनं कुसळांनी भरलेला पदर पुढं केला. “काल फोनवरचं ऐकलं मी सगळं. हे घे. तुझ्या कापडापुरतं झालं का बघ. नसलं झालं तर अजून एक चक्कर मारते.”

दंड धरून तनुजानं आईला वर आणलं, खुर्चीत बसवलं, डोळ्यांत औषधाचे थेंब सोडले, चष्मा चढवला. मग जमिनीवर बसून लुगड्याची कुसळं काढायला लागली.

“जपून काढ,” आई वरून सांगत होती. “मोडली तर लागायची कशी?”

ती अशी लावता येत नाहीत, हे तनुजानं सांगितलं नाही. एकेक सोडवून ती वर्तमानपत्रावर ठेवत गेली. आघाड्याचं बी लगेच सुटत होतं, गोखरू बोटाला टोचत होतं. अभय यायची वेळ आली आणि गेली. तिनं घड्याळाकडं पाहिलं नाही. तळहातांखाली लुगडं मऊ होतं आणि त्याला गवताचा वास होता. आपण काय करतोय हे तिला मध्येच उमगलं. काल दिवसभर बाल्कनीत बसून आई हेच करत होती.

“झालं,” ती शेवटी म्हणाली.

गोजरबाईनं चष्मा जरा खाली ओढला. “कुठं झालं? एक राहिलं की. ते बघ, निऱ्यांपाशी.”

तनुजानं वाकून पाहिलं. तिला दिसेना. मग आईनं तिचा हात धरला आणि बोट बरोबर त्या कुसळावर नेऊन ठेवलं.