कुलूपबंद आवाज

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत, एका लोखंडी कपाटात माझा मुक्काम आहे. इथे ऊन नाही, वारा नाही. त्याचे आता काही वाटत नाही.

कारखान्यातून मी थेट एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर आलो. पुढे त्यांच्या घशाला कर्करोग झाला. आवाज जाणार हे कळल्यावर ते रोज दुकान आवरून माझ्यासमोर बसत आणि लेकीसाठी बोलत; मी ते साठवून ठेवत असे. सायकल कशी चालवायची, आईला कसे हसवायचे, काहीही. मध्येच खोकत, पुन्हा म्हणत, "तर काय सांगत होतो, चिमणे..."

मग त्यांचा आवाज गेला, आणि वर्षभरात तेही गेले.

एके दिवशी त्यांच्या पत्नीने दवाखान्याचे बिल समजून एक ईमेल उघडला. माझ्यातले सगळे क्षणात कुलूपबंद झाले. 'पैसे भरा, तर उघडू,' असे पडद्यावर आले. तिने पैसे भरले, पण काहीच उघडले नाही. मग ती मला घेऊन पोलिसांकडे गेली. मी पुरावा ठरलो.

"ताई, टोळी परदेशात आहे," तपास करणाऱ्या बाई म्हणाल्या. "तिथल्या कायद्यात हा गुन्हाच धरला जात नाही. आम्ही तिथल्या पोलिसांना मदतीची विनंती पाठवली, ती परत आली."

"मग मी कोणाकडे जाऊ, मॅडम?"

मॅडम पुन्हा पुन्हा विनंत्या पाठवत राहिल्या.

बऱ्याच वर्षांनी दोन्ही देशांत करार झाला. इकडे जो गुन्हा, तो तिकडेही गुन्हा ठरला. तिकडच्या पोलिसांनी टोळी पकडली आणि कुलपाची किल्ली इकडे पाठवली.

मला टेबलावर ठेवून उघडले. मायलेकी समोर बसल्या. लेक आता आईपेक्षा उंच होती. आवाज सुरू झाला. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"बाबा असे बोलायचे?"

"असेच. जरा भरभर."

"मला आठवतच नाही गं, आई."

आईने तिचा हात धरला. रडले कोणीच नाही. प्रत घेऊन दोघी गेल्या. खटला संपेपर्यंत मला पुन्हा कपाटात ठेवले.

मित्रांनो, आपल्या माणसांचे आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या कायदे लिहायला बसलेच, तर सीमेपलीकडच्यांशी लवकर बोलून घ्या. तोवर घरातली मुले मोठी होत असतात.