हळदीवरची रेघ

अंजना सयाजी धनावडे, वय सव्वीस, हिचे शव १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये एका सकाळी माझ्यासमोर आले. मी तेव्हा साताऱ्याला सरकारी नोकरीत होतो. शवविच्छेदनाचे काम बहुतेक माझ्याकडेच येई, कारण इतरांना ते आवडत नसे.

कागदांवरून कळले ते असे. घसा सुजला म्हणून ही बाई आदल्या दिवशी, ऐन बाजारच्या दिवशी, मेढ्याला डॉ. शरच्चंद्र पुराणिकांच्या दवाखान्यात गेली. पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतल्यावर ती कोसळली आणि तिथेच संपली. घरच्यांनी तिला गावी नेले. नवरा लष्करात नाईक, रजेवर आलेला. पेनिसिलिन देण्याआधी कातडीत थेंबभर औषध टोचतात, भोवती वर्तुळ काढतात आणि अर्धा तास वाट पाहतात, हे त्याने पलटणीच्या इस्पितळात पाहिले होते. इथे बायको आत गेली ती दहा मिनिटांत मेली. तेवढा वेळच नव्हता, असे त्याने संध्याकाळी पोलिसांत लिहून दिले. डॉक्टरांचा जबाब उलट होता: साडेदहाला चाचणी, अकराला इंजेक्शन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप शव घेऊन आली. ‘मदतीला’ म्हणून शवाशेजारी डॉक्टरांचा कंपाउंडर ज्योतिबा बसला होता. हे कागदांत नव्हते. मी त्याला उतरताना पाहिले.

डाव्या हातावर कॉपिंग पेन्सिलीने काढलेले जांभळे वर्तुळ होते, रुपयाएवढे. आत टोचल्याची खूण दिसली नाही. मात्र बारीक सुईची खूण दुसऱ्या दिवशी दिसेलच असे नसते, म्हणून त्यावर मी भर दिला नाही. दोन्ही हातांना कोपरापर्यंत वाळलेली हळद होती. भिंगातून पाहिले, तर रेघ हळदीच्या वर होती. जिथे हळदीची खपली उडाली होती तिथे रेघही तिच्याबरोबर गेली होती, आणि खालच्या कातडीवर जांभळा कण नव्हता.

आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला आंघोळ घालून हळद लावतात. ही हळद त्या आंघोळीनंतरची असेल, तर वर्तुळ त्याहूनही नंतरचे. म्हणजे न झालेल्या चाचणीची खूण कोणीतरी मेलेल्या बाईच्या हातावर काढली होती. अहवालात मी एवढेच लिहिले की रेघ हळदीवर आहे. पुढचा निष्कर्ष न्यायालयाने काढायचा होता. चाचणी घेतली असती तर बाई वाचलीच असती, असेही मी कधी म्हटले नाही. चाचणीत काही न दिसता इंजेक्शनने गेलेली माणसेही मी पाहिली आहेत.

डॉक्टरांवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्यासाठी शब्द टाकायला सांगलीहून डॉ. गंगाधर आला. आम्ही एकाच वर्गात शिकलो होतो.

“बाजारच्या दिवशी शंभर पेशंट,” तो म्हणाला. “प्रत्येकाला अर्धा तास बसवायचं म्हणजे पुराणिकांनी दवाखाना काढायचा की धर्मशाळा?”

“दवाखाना काढू नये.”

“तुझं बरं आहे. तुझे पेशंट तक्रार करत नाहीत.”

“गंग्या, चाचणी राहिली हे मला समजतं. वर्तुळ कशाला काढलं?”

“ते त्यांनी नाही काढलेलं.”

“मग कोणी?”

“चहा सांग,” गंगाधर म्हणाला.

चहा पिऊन तो गेला. सांगलीपर्यंत माझे नाव काय झाले असेल ते मला पुढच्या बढतीच्या वेळी कळले.

खटला १९७६ मध्ये चालला. अर्धा तास की दहा मिनिटे, यावर नवऱ्याचा शब्द एका बाजूला आणि दवाखान्याची वही दुसऱ्या बाजूला. सारे त्या वर्तुळावर येऊन ठेपले होते. आंघोळ आणि हळद मरणानंतरची, एवढे घरच्यांपैकी एकाने शपथेवर सांगायचे होते. सरकारी वकिलांनी सासूला, चंद्राबाईला, उभे केले.

“बाई, अंजनाला घरी आणल्यावर आंघोळ घातली ना?”

“न्हाई.”

वकिलांनी कागद खाली ठेवला. “नाही? हळद कोणी लावली मग?”

“आमी हात सुदिक लावला न्हाई. वसरीत हुती तशीच हुती.”

“मग हातावरची हळद कुठली?”

“तिनंच लावली आसंल सकाळी. मला काय म्हाईत?”

सयाजी मागच्या बाकावर होता. त्याने मान वर केली नाही.

दुपारी माझी साक्ष झाली. बचावाच्या वकिलांचा सूर अत्यंत सभ्य होता.

“डॉक्टरसाहेब, हळद केव्हा लावली हे हळदीवरून सांगता येते?”

“नाही.”

“बाईंनी ती सकाळी स्वतः लावली असेल, तर साडेदहाचे वर्तुळ तिच्यावरच उमटेल?”

“उमटेल. पण टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसतात. हळद त्या जागी राहिली नसती.”

“प्रत्येक कंपाउंडर पुसतो?”

“पुसायला हवे.”

“मी काय हवे ते विचारत नाही. पुसतो?”

मी दहा वर्षे त्या जिल्ह्यातले दवाखाने पाहत होतो. “नाही,” मी म्हणालो.

“आभारी आहे.”

अशा रीतीने कातडी न पुसण्याच्या निष्काळजीपणाने चाचणी न घेण्याच्या निष्काळजीपणाची सुटका केली. डॉ. पुराणिक संशयाचा फायदा मिळून निर्दोष ठरले. निकालाच्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला. तो मनापासून होता, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

आवारात सयाजीने मला गाठले. गणवेश नव्हता, तरी टाचा जुळलेल्या होत्या.

“सायेब, एक इचारू? मढ्याला आंगूळ घालनं गुन्हा हाय का?”

“तक्रार होण्याच्या आधी, रीतीप्रमाणे घातलेली? मुळीच नाही. कोण म्हणालं?”

“गावचा पोलीस पाटील. आईला म्हनला, तुमी पुरावा धुतला. पोराच्या नावानं केस हुईल आन् पलटनीतनं काडून टाकत्याल. आईनं लय हाय खाल्ली. मला शपथ घातली, तू तोंड उघडायचं न्हाई म्हनून.”

“हे कोणाला विचारायचं तरी.”

“कुनाला? वकीलसायेब तारखेलाच दिसायचे. तुमी साक्षीदार, तुमच्याशी बोलायचं न्हाई म्हनायचे.”

ते खरे होते. दोन वर्षांत मी फिर्यादीच्या माणसांशी एक शब्द बोललो नव्हतो. निःपक्षपातीपणा म्हणून मी ते कटाक्षाने पाळले होते. बोललो असतो तर तो एका वाक्याचा खुलासा होता.

“आईला सांगू नगा,” सयाजी घाईने म्हणाला. “तिला वाटतंय, तिनं माजी नोकरी राखली.”

चंद्राबाई नळावरून पदराला हात पुसत येत होती. माझ्यापुढे येऊन तिने हात जोडले.

“आवं सायेब, आता माज्या सयाजीवर कायबी न्हाई न्हवं?”

“नाही,” मी म्हणालो. “काहीही नाही.”

उत्तर अचूक होते. तिचा चेहरा सुटला, आणि ती मुलाला म्हणाली, “चल रं, मेढ्याची गाडी जाईल.”